दीक्षा मॅडमची डबल ड्यूटी

भिलाईच्या मरोदा वस्तीतल्या धोंडबा मेश्रामची पोरगी दीक्षा स्पॅनिश शिकवते म्हटल्यावर पावर हाउस बाजारातला भाजीवालासुद्धा तराजू थांबवून विचारायचा, "वो कहाँ की बोली है, दीदी?" आता खरं सांगायचं तर धोंडबालाही ते धड ठाऊक नव्हतं. त्यानं चौतीस वर्षं पोलादाच्या प्लांटात भट्टीवर काढली. पोरीनं नागपूरला मावशीकडे राहून स्पॅनिशचा डिप्लोमा केला, भिलाईतल्याच एका खाजगी शाळेत लागली, एवढ्यावर गडी खूश. नोकरी देताना शाळेनं तिच्या असली मार्कशीट ठेवून घेतल्या. सगळ्यांच्याच घेतात, म्हणून तिनंही दिल्या.

पहिले दोन महिने मोठे वाईट गेले. मी काम करतो, तू काम करतोस, ते काम करतात, असं आपल्याकडे क्रियापदाचं शेपूट बदलतं. स्पॅनिशमध्ये मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशा सहा जणांची सहा शेपटं: त्राबाहो, त्राबाहास, त्राबाहा, आणि पुढे तसंच. दीक्षा फळ्यावर तक्ता मांडायची नि आठवीची पोरं जांभया द्यायची.

एक दिवस रीना नावाची मुलगी उशिरा आली. "मॅडम, पापा का रिलीव्हर नहीं आया. छोड़ने कौन आता?" अख्खा वर्ग हसला. प्लांटवाल्यांचीच पोरं ती! पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे त्यांना पाढ्यांच्या आधी कळतं.

दीक्षानं तिथल्या तिथं खडू उचलला आणि फरशीवर सहा चौकोन काढले. एकात 'मी', एकात 'तू', असे सहा पॉइंट, म्हणजे ड्यूटीच्या जागा. प्रत्येकात एक पोरगं उभं. बाई नवं क्रियापद सांगणार. बाकावरून ज्याला त्या पॉइंटचं रूप बरोबर येईल त्यानं धावत जाऊन टाळी द्यायची नि जागा घ्यायची. कोणी आलंच नाही तर उभा असलेल्याची डबल ड्यूटी! 'तुम्ही'चं रूप सगळ्यात अवघड, म्हणून त्या चौकोनात कोणी जायला धजेना. तिथं अडकलेला प्रफुल ओरडायचा, "अरे कोई तो आओ रे, मेरा डबल हो गया!" मग बाकावरचीच पोरं घरी जाऊन 'तुम्ही'चं रूप घोकायला लागली. दिवाळीपर्यंत अशी गंमत झाली, की पोरं डबा खाताखाताही क्रियापदं चालवत होती. पालक आले, पाहून गेले. प्राचार्याबाई मागच्या बाकावर बसून सगळा खेळ पाहायच्या, मान डोलवायच्या; फक्त आवाज ऑफिसपर्यंत येऊ देऊ नका, म्हणायच्या.

आणि जानेवारीत पुण्याच्या एका भाषांतर कंपनीचं नोकरीचं पत्र आलं. एक फेब्रुवारीला असली कागद घेऊन हजर व्हायचं. दीक्षाला तर आनंदानं रात्रीचं जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा घेऊन ती ऑफिसात गेली.

प्राचार्याबाई हसल्या. "बेटा, नियम तो तुम्हारा ही है. रिलीव्हर लाओ, मार्कशीट ले जाओ."

भिलाईत दुसरा स्पॅनिशवाला आणायचा कुठून? तिनं शेजारचं दुर्ग पाहिलं, रायपूरला फोन केले. हिंदी शिकवणाऱ्या नलूताईंना स्पॅनिश शिकून घ्या म्हणून गळ घातली, त्या म्हणाल्या, "मले आता गुडघे वाकवणं होत नाही माय, जीभ कुठं वाकवू?" जितका खेळ रंगला तितकी ती शाळेला हवीशी झाली, हे तिला आता कळत होतं. आपल्याच हातानं काढलेल्या चौकोनात ती उभी होती.

घरी धोंडबा म्हणाला, "बरोबर हाय तुया मॅडमचं. मी चौतीस वर्सं रिलीव्हरबिगर पॉइंट नाही सोडला."

"बाबा, तुमचा रिलीव्हर आठ घंट्यानं येत होता. माझा कधी येईन?"

आई, रुक्मा, म्हणाली, "आता बोला न! एरवी त लय बोलता." एकतीस तारखेला सकाळी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून धोंडबा पोरीच्या मागोमाग शाळेत निघाला.

"मॅडम, जय भीम," तो प्राचार्याबाईंना म्हणाला. "आपने नियम आधा सुना है. रिलीव्हर नहीं आया तो ढूँढता कौन है? फोरमन. हाजिरी का रजिस्टर लेकर वही दौड़ता है. मजदूर से कोई नहीं कहता कि अपना आदमी खुद पैदा कर."

बाईंनी त्याला बसवलं, चहा मागवला. मार्कशीटच्या कपाटाची किल्ली टेबलावरच होती. ती त्यांनी उचलून पर्समध्ये टाकली. "अंकल, बात सही है. पर ये प्लांट थोड़े ही है! मार्च की परीक्षा हो जाने दीजिए, फिर देखेंगे."

बाहेर व्हरांड्यात धोंडबा बराच वेळ चप्पल शोधत राहिला. ती त्याच्या पायातच होती.

"मी चुकलो, बेटा. पयल्याच दिवशी याले पायजे होतं."

"तरी तेच म्हटलं असतं तिनं, बाबा."

तिनं पुण्याला कळवलं: उद्या येणं जमणार नाही, मार्चपर्यंत थांबाल का? उत्तर लगेच आलं. जागा दुसऱ्याला देत आहोत.

बापाला गेटवर ऑटोत बसवून ती माघारी आली. आठवीत पोरं केव्हाच पॉइंटवर उभी राहून कल्ला करत होती. आवाज ऑफिसपर्यंत जाऊ नये अशी प्राचार्याबाईंची सक्त ताकीद, म्हणून आत शिरल्याबरोबर तिनं दार ओढून घेतलं आणि आपल्याच हातानं आतून कडी लावली.