रोहिदासचा सॅक्सो

न्हावऱ्याचा रोहिदास बावीस वर्षं वरातीत सॅक्सोफोन वाजवत आला होता. दौंडच्या रेल्वे कॉलनीत एका लग्नाला गेला, तेव्हा डिमेलो नावाच्या रिटायर गार्डनं त्याला घरी नेलं आणि एक जुनी सीडी हातात ठेवली. "जगात नावाजलेली आहे. जॅझ म्हणतात. तुझंच वाद्य."

घरी येऊन त्यानं ती लावली. बायको मालनबाई कांदा निवडत होती. म्हणाली, "अडलेल्या म्हशीगत वरडतंय की ओ! बंद करा." बँडमालक बाळासोनं दोन मिनिटं ऐकून विचारलं, "ह्यात चाल कुठं हाय?" रोहिदासच्या आईला, कुशाबाईला, मात्र ते आवडलं. "लई दिसांचं साठल्यालं कुनीतरी रडतंय," ती म्हणाली. "रडू द्या त्याला."

रोहिदासला तर त्या सुरांनी झपाटलंच. वर्षभर उसाच्या बांधावर बसून त्यानं त्यातला एक तुकडा बसवला. तो पुरता बसला त्याच आठवड्यात कुशाबाई वारली.

पुढच्या महिन्यात पाटसला एका लग्नात पंगती बसल्या होत्या. रोहिदासनं तो तुकडा वाजवायला घेतला. मांडवात चुळबुळ झाली. एक म्हातारा घास तसाच हातात धरून ऐकत राहिला, पण नवरदेवाचा मामा तरातरा आला. "आरं, मयताला आलाय का लग्नाला?" बाळासोनं चारचौघांत रोहिदासच्या हातातून सॅक्सो काढून घेतला. वाद्य बँडचंच होतं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आता येऊ नगं.

रोहिदास तडक दौंडला गेला. जगात एक माणूस तरी आपल्या बाजूचा आहे, असं त्याला वाटत होतं. झालेलं सगळं सांगून त्यानं विचारलं, "सायेब, तुमाला त्यात काय गावलं हो?"

डिमेलोंनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. मग ओशाळून म्हणाले, "खरं सांगू? मला ते कधीच आवडलं नाही. अर्धी दुनिया डोक्यावर घेते, म्हणून तीस वर्षं ठेवलं. वाटलं, तुला तरी कळेल."

समोरचा चहा न घेता रोहिदास उठला. एसटीत त्याची बोटं सवयीनं मांडीवर नाचायला लागली, तशी त्यानं मूठ घट्ट आवळली.

आता गळिताच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर रांगेत लावत तो शिट्टी फुंकत उभा असतो. कुणी सॅक्सोचं विचारलंच, तर मान फिरवून म्हणतो, "मला कुठं काय येत हुतं."