अळीमिळी गुपचिळी

नाना पिंपात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर वळवळत्या अळ्या वर काढायचे आणि निवडायचे तांदूळ पसरावेत तशा तळहातावर पसरून बघायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला डबा गेला नाही. नानांनी मात्र हात धुतले आणि तिथेच पिंपाशेजारी बसून नागलीची भाकरी खाल्ली.

मी तेव्हा ब्रॉयलर कोंबड्यांच्या एका कंपनीत सुपरवायझर होतो. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड आणि राबणं शेतकऱ्याचं, असा करार. मोटरसायकलवरून रोज आठ-दहा शेड करायच्या आणि संध्याकाळी पाठ धरून घरी यायचं. नानांची शेड पेठ रोडला होती. मूळचे पेठकडच्या डोंगरातले. द्राक्षबागेत मजुरीला आले आणि इथेच राहिले. आपलं म्हणावं असं उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे तेवढी शेडच होती.

अळ्यांची विद्या त्यांच्या आईची. "आमची आय वारूळ फोडून पिल्लांपुढं टाकायची. वाळवी खाल्लेलं पिल्लू दोन दिसांत पळाया लागायचं," नाना सांगत. इथे वारुळं कुठून आणायची? मग मार्केट यार्डात फेकून दिलेला कोबी, टोमॅटो आणून ते पिंपात कुजवत. काळ्या माश्या येत, अंडी घालत, अळ्या होत. पिंपात एक तिरकी फळी लावलेली होती. पुरती वाढलेली अळी आपणहून ती चढे आणि पलीकडच्या बादलीत पडे. "बघा साहेब, आपल्या पायानं कामावर येती. हाका माराया नको," असं म्हणून नाना एकटेच हसत.

मरगळलेली, लंगडी पिल्लं त्यांनी शेडच्या कोपऱ्यात जाळीमागे वेगळी ठेवलेली असत. अळ्या त्यांच्यासाठी. कंपनीच्या खाद्याखेरीज दुसरं काहीही घालायचं नाही, असं करारात स्पष्ट होतं. मी काणाडोळा करायचो, कारण नानांकडे पिल्लांची मर सगळ्यात कमी असे आणि त्याची शाबासकी मला मिळे. मी निघालो की नाना ओठांवर बोट ठेवून म्हणत, "अळीमिळी गुपचिळी, साहेब!"

एकदा ट्रकची ताडपत्री फाटली आणि खाद्याची पोती भिजून आली. नानांनी एक पोतं सोडलं, मूठभर खाद्य नाकाशी नेलं. "साहेब, ह्याला बुरशी हाय. नको घालाया." वास मलाही येत होता. पण पोती परत पाठवायची म्हणजे फोन, खुलासे, वरच्यांची बोलणी. मी दमलो होतो. "कंपनीचं आहे नाना. ढेकळं फोडून टाका," मी म्हणालो. त्यांनी टाकलं. चार दिवसांत शेडभर पिल्लं पटापट मरायला लागली. जाळीमागची, निव्वळ अळ्यांवरची लंगडी तेवढी हिंडत होती.

मोठे साहेब आले. त्यांना आधी पिंप दिसलं. "ही घाण खायला घालतोस? मग दुसरं काय होणार!" असं नानांना म्हणून ते माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं हे?"

बुरशीचं पोतं माझ्या पायाशीच होतं. नानाच म्हणाले, "साहेबांना काय ठावं नाय. मी लपवून करीत होतो."

करार तिथेच मोडला. मेलेल्या पिल्लांची भरपाई देता देता शेड गेली आणि नाना गावी परतले. मला माझी लाज वाटली, अजूनही वाटते. पण नोकरी मी सोडली नाही.

दोनेक वर्षांनी त्या बाजूला काम निघालं, तेव्हा मी मुद्दाम वाट वाकडी केली. सगळं कबूल करायचं, असं ठरवूनच गेलो होतो. नाना अंगणात वारुळाचं ढेकूळ फोडत होते, भोवती पाच-सहा गावठी पिल्लं नाचत होती. नाना फार थकलेले दिसले. "बसा साहेब," म्हणाले. घरात चहा सांगितला. मग पिल्लांकडे बघत एकच विचारलं, "ती पोती बदलली का मग?"

उरलेली पोती मीच पुढच्या शेडवर उतरवून घेतली होती.

"बदलली," मी म्हणालो.

"मग झालं," नाना म्हणाले, आणि चहाचा कप त्यांनी माझ्याकडे सरकवला.