आम्ही उगाच समुद्राला भ्यालो

नागपूरच्या सदर बाजारातल्या साडीच्या दुकानात, गादीवर मांडी घालून बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने हातातली जांभळी साडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, “ताई, डोकं कसंतरीच होऊन राहिलं वं. जरा टेकते.” मी साड्यांमधून मान वर न काढताच विचारलं, “सकाळपासून पाणी किती प्यायली तू?” पाहते तर ती भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेली. दुकानदाराने पंखा तिच्याकडे वळवला, कोणीतरी लिंबू सरबत आणायला धावलं... आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. ते आणखीही बरंच बोलले. मी मात्र त्यांच्या तोंडाकडे पाहत पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, “पण ती तर समुद्रात जाते... नागपुरात कशी काय?” त्या भल्या माणसाला वाटलं असेल, बाईला धक्का बसलाय. बसलाच होता. अजून उतरलेला नाही.

रंजना, म्हणजे आमची रंजू, माझ्या मुलीच्या लग्नाच्या खरेदीसाठी कोकणातून आली होती. तिकडे मालवणच्या पलीकडे मच्छीमारांच्या एका गावात ती राहायची आणि जाळ्यात अडकलेले डॉल्फिन आणि शार्क सोडवण्याचं काम करायची. ती होडीत बसली की इकडे आमच्या आईचा जीव टांगणीला. वादळाची बातमी आली की आई देवासमोर बसायची आणि मी बातम्यांसमोर. इतकी वर्षं आम्ही दोघी त्या समुद्राला भ्यालो, त्याला शिव्या घातल्या, आणि त्याने तिच्या केसालाही धक्का लावला नाही. ती गेली कुठे, तर नागपुरात, भर दुपारी, साड्यांच्या ढिगात. याला काय म्हणायचं? मला तर अजून त्या समुद्राची माफी मागावीशी वाटते, आणि रागही येतो, की मग राग कोणावर काढायचा?

आम्ही मूळचे नागपूरजवळच्या कुहीकडचे, धानाच्या बांध्यांतले. पाणी म्हणजे तलावातलं आणि मासा म्हणजे त्यातला, इतकीच आमची ओळख. रंजूने नागपुरात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरगी पेंचच्या जंगलात वाघांवर काम करेल, जिप्सीतून फिरेल, आपल्यालाही कधी फुकटात वाघ दाखवेल. तिने निवडला शार्क. आमचे मामा तर लग्नकार्यात हमखास विचारायचे, “काहून वं रंजू, पारशिवनीले वाघ कमी पडले का तुले?” ती हसून म्हणायची, “मामा, वाघाले तुमी सगळे हाव ना. मोरीले कोणी नाई.” मोरी म्हणजे तिकडच्या भाषेत शार्क. मग ती आम्हाला समजावत बसायची, की मोरी इतर माशांसारखी लाखो अंडी घालत नाही, पुष्कळशा मोऱ्या बाईमाणसासारख्या पोटात पिल्लं वाढवतात, मोजकीच आणि फार सावकाश. गाभण मोरी जाळ्यात आली की आईही गेली आणि पुढची पिढीही. आणि मोठा शिकारी नाहीसा झाला की समुद्राची घडीच विस्कटते. मामा तोवर दुसरी जिलबी मागवत असायचे.

गावाने तिला सुरुवातीला मुळीच जुमानलं नव्हतं. पडद्यावर चित्रं दाखवून तिने भाषण दिलं, तेव्हा सावित्रीकाकी नावाची एक मासे विकणारी बाई मधेच उठली आणि म्हणाली, “तुज्या नागपुरात दर्या आसा काय गो?” सगळा गाव हसला. रंजूही हसली, कारण प्रश्न रास्तच होता. डॉल्फिनचं एक बरं होतं, त्याला कायदा होता आणि लोकही त्याला धरत नसत. बाजारात रोज विकल्या जाणाऱ्या साध्या मोरीला ना कायदा, ना माया. मग एका सकाळी किनाऱ्यावर काकीने विळीवर मोरी चिरली आणि पोटातून पिल्लं बाहेर आली, जिवंत, वळवळणारी. रंजूने काही विचार केला नाही. ओढणीत पिल्लं गोळा केली, ओढणी पोटाशी धरली आणि पाण्याकडे पळत सुटली. कंबरभर पाण्यात जाऊन तिने ती सोडली. जगली की नाही, कोणास ठाऊक. ओलीचिंब होऊन परत आली तेव्हा किनाऱ्यावरच्या बायकांच्या विळ्या थांबल्या होत्या. काकी एवढंच म्हणाली, “ओटी भरून धावलंस गो, बाय.”

ओटी हा शब्द काकीचाच. पण पुढचं डोकं आमच्या विदर्भातल्या पोरीचं. आमच्याकडे घरातून कोणतीही बाई निघाली, लेक असो की शेजारीण, तिला रिकाम्या ओटीने पाठवत नाहीत. रंजू बायकांना म्हणाली, गाभण मोरी ही माहेरपणाला आलेली समजा. आली तर आली, पण तिला ओटी भरून परत पाठवा. भाषणाने जे झालं नव्हतं ते याने झालं. बायकांनी आपापल्या नवऱ्यांच्या आणि लेकांच्या होडीत तांदळाची पुरचुंडी ठेवायला सुरुवात केली. जाळ्यात गाभण मोरी आली की जाळं सोडवायचं, मूठभर तांदूळ लाटेवर टाकायचे आणि तिला जाऊ द्यायचं. पुरुषांनी पहिल्यांदा नाकं मुरडली. पण तांदूळ घरच्या बाईने बांधून दिलेले, न वापरता परत आणायची हिंमत कोणाची होती?

रंजू गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी नागपूरच्या घराच्या गच्चीवर बसलो होतो. खाली कूलर घरघरत होता, वर गरम वारा. मी सहज म्हटलं, “आता झालं ना वं तुझं काम? ये परत. आई थकली.” ती उठून कठड्याशी गेली. मग म्हणाली, “ताई, ते मोरीसाठी नाई सोडत. माह्या तोंडाकडे पाहून सोडतात. मी आली इकडे, का दुसऱ्या दिवशी बाजारात गाभण मोरी दिसन. इतक्या वर्षांचं सारं पाण्यात.” मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, “असं काही होत नाई.” पण तिचा चेहरा उतरलेलाच राहिला. हा एकच घोर होता तिच्या जिवाला, आणि तो घेऊनच ती गेली. मला तिच्या जाण्याइतकंच हे छळतं, की जाताना तिला आपलं आयुष्य वाळूवर बांधलेलं वाटत होतं.

लग्न आम्ही घरच्या घरी उरकलं. आई रडली नाही. भिंतीला टेकून बसायची आणि मधेच विचारायची, “सदरात? समुद्रात नाई?” मी हो म्हणायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

रंजूचा फोन तिच्या खोलीतल्या खिडकीत होता. बंद करायला माझा हात धजत नव्हता, अधूनमधून चार्ज करून मी तो पुन्हा तिथेच ठेवायची. परवा सकाळी तो एकदाच वाजला आणि थांबला. नाव होतं महेशचं, सावित्रीकाकीच्या मुलाचं. ही त्यांची जुनी रीत मला माहीत होती. होडी किनाऱ्याजवळ आली, फोनला रेंज मिळाली, की मच्छीमार तिला एक मिस कॉल द्यायचे. उचलायचा नाही. त्याचा अर्थ एवढाच, की आज एक सोडली. पण आता? ती गेल्याचं ऐकून हाच महेश माझ्याशी फोनवर लहान पोरासारखा रडला होता. मला भयंकर राग आला. मी नंबर लावला आणि म्हटलं, “महेश, रंजू नाही रे आता... कोणाला फोन करतोस?”

तो गडबडला. “माका ठावक आसा, ताय नाय ता. पण मोरी सोडलंव आणि हात आपोआप फोनाकडे गेलो.”

मी विचारलं, “ती नाही, तर तुला सोडायला सांगितलं कोणी?”

“कोणी सांगूक कित्याक होया?” त्याला माझा प्रश्नच कळेना. “गाभण होती ती.”

मालवणी मला अर्धीमुर्धीच कळते. पण कोणी कशाला सांगायला हवं, हे मला शब्दाशब्दाने कळलं. रंजू, ऐकलंस का गं... तुझ्या तोंडाकडे पाहून नाही.

आई दारात येऊन उभी होती. “कोण होतं वं?”

“महेश. त्यानं मोरी सोडली म्हणे आज.”

“पोटात पिल्लं होती?”

“होती, आई.”

आई रंजूच्या पलंगावर बसली आणि ती गेल्यानंतर पहिल्यांदा रडली, मोठ्याने, शेजारपाजारचे धावत येतील अशी. मग पदराने तोंड पुसून तिने चार्जरची वायर शोधली, फोनला लावली आणि मला म्हणाली, “त्याले सांग, याच नंबरवर करत जाय म्हणा. मी हावो घरी.”