खूण पुसते कोण?

एम.एस्सी. होऊन रायपूरहून सेक्टर दहातल्या आमच्या क्वार्टरमध्ये परतले, तेव्हा अख्ख्या भिलाईत जीवरसायन कळणारी मी एकटीच, असा माझा समज होता. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये क्लर्क. मराठी मंडळात त्यांनी माझं भाषण ठरवलं.

विषय मी निवडला: मेसेंजर आरएनएवरच्या खुणा. आईची रेशमी साडी नेसून मी सांगितलं, की जनुक पेशीच्या केंद्रकातच राहतं. त्याची नक्कल, म्हणजे मेसेंजर आरएनए, बाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिनं बनतात. या नकलेवर पेशी मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटवते; त्याच या खुणा. पुढच्या टोकाला टोपी असते, म्हणून नक्कल लवकर कुरतडली जात नाही आणि नीट वाचली जाते. मधल्या अक्षरांवरही खुणा असतात. त्या कशासाठी, हे तेव्हा कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तेवढं वाक्य मी गाळलं.

बाबांचे मित्र, रोलिंग मिलमधले फोरमनकाका, उठून उभे राहिले.

"बेटा, आमच्याकडे मालावर खडूनं खूण करते. माल दुसरीकडे पाठवाचा झाला, का पुसून नवी करते. तुह्या ह्या खुणा पुसते कोण?"

"कोणीच नाही. त्या पक्क्या असतात."

"कोणं पाहिलं?"

"पुस्तकात आहे, काका!"

टाळ्या पडल्या. घरी येऊन पुस्तक उघडलं. दोनदा चाळलं. त्यात याबद्दल अक्षरही नव्हतं.

सकाळी सायकल काढून काकांकडे गेले. "काका, काल मी ठोकून दिलं."

"मले मालूम होतं," ते हसले. "'मालूम नाही' म्हणलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"बाबांना वाईट वाटलं असतं."

"तुह्या बापाले? तो तं मांगच्या खुर्चीवर झोपून राहिला होता!"

पुष्कळ वर्षांनी शोध लागला, की या खुणा पुसणारी एन्झाइमं पेशीत असतात. कोणती नक्कल किती वापरायची, हे ठरवण्यात त्यांचाही हात असतो. तोवर काका गेले होते. मी दुर्गला काकूंना फोन लावला आणि काकांचा प्रश्न किती बरोबर होता, हे गहिवरून वीस मिनिटं समजावलं. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"चांगलं झालं, बाई," त्या म्हणाल्या. "पण तू कोण बोलून राहिली?"