जर्मनीला गेलेला डबा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या शिकागोत मिळायचा नाही. बातम्यांत कितीही थंडी सांगू देत, काका खिडकीबाहेर वाटीभर पाणी ठेवणार, ते गोठलेलं बघणार आणि मगच स्वेटर घालणार. दुधाच्या कॅनवर गॅलन छापलेलं असलं तरी घरी मापानं मोजणार. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या बसचं मागचं दार हात लावला की उघडतं. किती हलका हात लावला तर उघडतं, हे बघण्यात एकदा त्यांचे चार स्टॉप पुढे गेले. ड्रायव्हरबाईंनी काय चाललंय विचारलं तर म्हणाले, "चेकिंग, मॅडम." बाईंना वाटलं, ऑफिसचाच माणूस. पुढचा आठवडाभर त्या काकांना "गुड मॉर्निंग, सर" म्हणत होत्या.

नागपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काका तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर इथं मुलीकडे आले. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात समोसे तळतो. शिक्षण सातवीपर्यंत, त्यात पाचवी दोनदा, म्हणजे अनुभव आठ वर्षांचा. वस्तू वेड्याच्या हातात टिकली तर कुठंही टिकते, असं काकांचं म्हणणं. आणि वेडा शोधायला त्यांना फक्त एक जिना उतरावा लागतो.

तर त्यांच्या मुलीच्या डब्यातली आमटी बॅगेत सांडून लॅपटॉप गेला, तेव्हापासून काका झाकणाच्या मागे लागले. किचनच्या ओट्यावर कानस घासून घासून त्यांनी एक खटका बनवला. तो एकदा दाबला की झाकण चारी बाजूंनी सारखं आवळलं जातं. टेस्टिंग माझ्यावर. मी खुर्चीत बसायचं आणि काकांनी आमटीचा डबा माझ्या डोक्यावर उलटा धरायचा. पहिल्या दिवशी माझा शर्ट गेला. दुसऱ्या दिवशी फक्त कान भिजला, तर काका खूश. "इम्प्रूव्हमेंट आहे." तिसऱ्या आठवड्यात एक थेंब पडेना.

"आता हा जर्मनीले पाठवायचा," काका म्हणाले.

"इथं अमेरिकेत काय वाईट आहे?"

"इथल्यांनी माझ्या हातचा एक तरी पार्ट पाहिला काय कधी?"

मग कळलं. त्यांच्या कारखान्यात दरवर्षी एक जर्मन इन्स्पेक्टर यायचा. काकांनी बनवलेला पार्ट उजेडाला धरायचा, मायक्रोमीटर लावायचा आणि साहेबाच्या कानात काहीतरी बोलायचा. साहेब मान हलवायचा. संपलं. "तीस वर्षं तो माझ्या कामाबद्दल काय बोलून राहिला, मले कोणी सांगितलंच नाही," काका म्हणाले. "पेटंट टाकलं का त्यांना तपासावं लागते न् लिहून द्यावं लागते. चूक काढू दे ना. पण मले सांगू दे."

काकांच्या मुलीची एक मैत्रीण पेटंटची वकील आहे. जन्म इथलाच, मराठी जेवणापुरती. ती घरी आली, डबा उलटा केला, "वाव" म्हणाली आणि वही उघडली. "ओके काका, सो, हे पब्लिकली कोणी बघितलंय? एनीबडी? बी ऑनेस्ट."

"कोणीच नाही," काका छाती काढून म्हणाले.

मी सोफ्यावर बसलो होतो. माझ्या फजितीच्या गोष्टी मी गिऱ्हाइकाला समोशाबरोबर फुकट देतो, पण ही गोष्ट काही तोंडातून निघेना. इथल्या आमच्या मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमाला काका गुडघा धरला म्हणून आले नव्हते. मी तिथं स्टेजवर तोच डबा डोक्यावर उलटा धरून नाचलो होतो. आणि व्हिडिओ सगळ्या जगाला दिसेल असा टाकला होता.

सांगितलं शेवटी. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"व्हेन?"

तारीख बघितली. सहा महिन्यांना नऊ दिवस कमी.

तिनं समजावलं ते असं: जगानं आधी बघितलेल्या वस्तूला जर्मनीत पेटंट मिळत नाही. ते गेलं. पण तिकडे एक छोटं पेटंट असतं, युटिलिटी मॉडेल, जे अमेरिकेत नाहीच. त्यात आपलीच वस्तू आपल्याकडूनच बाहेर पडली असेल तर सहा महिने माफ असतात.

काका माझ्याकडे बघत होते. "डब्याले झाकण बसवलं बे मी. तुझ्या तोंडाले बसवायचं राहून गेलं." मग म्हणाले, "दाखव."

व्हिडिओ त्यांनी तीनदा बघितला. माझ्या नाचाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "थांबव. इथं. झाकणाचा डावीकडचा ओठ उचलून राहिला." त्या रात्री खटका पुन्हा घासला, ड्रॉइंग पुन्हा काढलं. जर्मनीतला एजंट वकीलबाईंनी गाठला आणि आठव्या दिवशी अर्ज गेला.

काही महिन्यांनी नोंदणीचं सर्टिफिकेट आलं, वर काकांचं पूर्ण नाव. मी दुकानातून पेढे आणले. काकांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली.

"तपासणीचा कागद कुठं आहे?"

"काका, यात ते तपासत नाहीत," वकीलबाई हळूच म्हणाली. "फॉर्म नीट असला की रजिस्टर करतात. नवं आहे की नाही ते कोणी भांडायला आलं तरच बघतात. पेटंटमध्ये एक्झामिनर असतो. दॅट वन वुई लॉस्ट."

"म्हणजे उघडून कोणीच पाहिला नाही."

"नो, काका."

"बरं," काका म्हणाले. "नाव बरोबर लिहिलं आहे." त्यांनी एक पेढा घेतला आणि माझ्याकडे न बघता मलाही एक दिला.

आता दुकानातून सुटलो की मी वर जातो. डबा उजेडाला धरतो, जसा काही मला मायक्रोमीटर कळतो, आणि विचारतो, "काका, हे इथं असं का वळवलंय?" ते सांगतात. मला निम्मं समजत नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच विचारतो. काल सांगितलं होतं हे काकांनाही आठवत असतं, तरी ते चष्मा लावतात आणि पहिल्यापासून सांगायला लागतात.