गुलाबांवर केलेला नको तो उपचार

मंडळी, आज थोडक्यात वाचले!

गुरुवार, कंपनीला सुट्टी. म्हणून तळेगावजवळच्या विशेष मुलांच्या शाळेत, त्यांच्या पॉलीहाऊसमध्ये पहिल्यांदाच मदतीला गेले. गुलाबांच्या एका ओळीत बऱ्याच फांद्या खाली वाकलेल्या. मला वाटलं, मोडल्या बिचाऱ्या. तासभर खपून एकेक उभी केली, काडीला सुतळीने बांधली.

तेवढ्यात तिथलं काम बघणाऱ्या शांताकाकी आल्या आणि त्यांनी कपाळावर हातच मारला.

"आगं, मोडल्या न्हाईत! पोरांनी आठवडाभर बसून वाकवल्यात. बारीक फांदीला चांगलं फूल येत न्हाई. ती वाकवली की तिची पानं झाडाला पोसत्यात, मग बुडातनं जाड फांदी येती."

अरे देवा! पोरांची आठवड्याची मेहनत!

"कातर लावलीस का कुठं?"

"नाही काकी, नुसत्या बांधल्या."

"मग काय बिघडलं न्हाई. सोड गाठी. कंपनीत बी असंच न इचारता काम करतीस व्हय?"

हुश्श!

मग सोनी नावाच्या विद्यार्थिनीने मला फांदी वाकवायला शिकवलं. दर फांदीला म्हणायची, "ताई, हळू." एकही मोडली नाही.

तुम्ही कुणाला असं न विचारता सरळ करायला गेलाय का कधी?