पाचशे सायटेशनांचा डॉक्टर

हसायचं तर हसा, पण चहा संपेपर्यंत मला मधे तोडू नका. कारण हा घोळ मी एकट्यानं, स्वतःच्या हातानं, एका मेसेजमध्ये घातलाय!

मी डॉक्टर आहे, पण पीएच.डी.वाला. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर कसला तरी अर्क टाकायचा आणि काय झालं ते लिहायचं. शेवग्याच्या पानांवरचा माझा पेपर भलताच गाजला. म्हणजे जगभरचे संशोधक आपापल्या पेपरात त्याचा उल्लेख करू लागले. त्या उल्लेखाला सायटेशन म्हणतात. आमच्यात माणसाची उंची त्यावरच मोजतात हो!

पाचशेवं सायटेशन आलं त्या दिवशी मी घरच्या ग्रुपवर ढोल बडवला. नामपूरच्या मामींनी विचारलं, "सायटेशन म्हंजे काय रे?"

आता नीट सांगायला काय जात होतं? पण मी घाईत लिहिलं, "पाचशे जणांना माझ्या कॅन्सरच्या कामाचा उपयोग झाला!"

झालं!

मामांना तोंडाचा कॅन्सर. रेडिएशनसाठी दोघं नाशिकलाच, दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहत होते. मी गंगापूर रोडला, रिक्षानं वीस मिनिटांवर. एकदा तरी गेलो होतो का? नाही. "पेपर पाठवला की येतो," एवढंच फोनवर.

चौथ्या दिवशी दारात दोघं हजर. मामांनी गालाला रुमाल धरलेला. बोलायला त्रास व्हायचा, म्हणून मामीच बोलत.

"सोमवारपासून मशीनचा शेक बंद केला," मामी म्हणाल्या. "तोंड पार सोलून निघालं रे त्यांचं. घरचा डॉक्टर असताना कशाला ते हाल? दे तुझं औषध."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मामी, औषध नाहीये. ते फक्त बशीत…"

"बशीत दे, नायतर वाटीत दे! पाचशे जणांना दिलंस ना? त्यातला एखादा नाशकातला असंल तर भेटव यांना. धीर येईल."

पाचशेतला एक! मी कुठून आणू? मामा माझ्याकडे इतक्या आशेनं बघत होते की मला त्यांच्याकडे बघवेना. मी गाडी काढली आणि दोघांना थेट दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, पण आवाज हेडबाईंचा. "मधेच खाडे केलेत तर आत्तापर्यंतचे कष्ट वाया जातात, आजोबा! थांबवायला सांगितलं कुणी?"

"या आमच्या भाच्यानं!" मामी अभिमानानं म्हणाल्या. "पाचशे माणसं बरी केलीत यानं. शेवग्यावर!"

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "शेवग्याचा तो पेपर तुमचा? आम्हाला शिकवलाय तो."

खोटं कशाला बोलू, तेवढ्यातही माझी कॉलर ताठ झाली. मामांसमोर जरा लाज राहील म्हणून मी विचारलंसुद्धा, "हो का? कशासाठी शिकवला?"

"प्रयोग कसा करू नये यासाठी. तुम्ही अर्क इतका ओतलाय सर, की त्याच्या जागी चहा ओतला असता तरी पेशी मेल्या असत्या."

मामींना सगळं नाही कळलं, पण माझं तोंड बघून पुरेसं कळलं. मामांनी रुमाल बाजूला केला आणि मोठ्या कष्टानं म्हणाले, "तू आठे बस, या बाकावर. काहीच करू नको." आणि एकटेच मशीनच्या खोलीत गेले.

रात्री मी ती पाचशे सायटेशनं उघडली. पहिलं, दुसरं, दहावं. 'आम्हाला असे आढळले नाही.' 'हा निष्कर्ष टिकत नाही.' उपयोग तर झाला होता, पण मला खोटं पाडायला! त्याआधी मी एकही वाचलं नव्हतं. नुसती मोजली होती.

मग रेडिएशनच्या शेवटच्या दिवसापर्यंत मामांना धर्मशाळेतून दवाखान्यात नेणं-आणणं माझ्याकडे. उपचार पुरे झाले, पण दुखणं परत उलटलं. त्यानंतर मामा आठ महिने राहिले.

दहाव्याला नामपूरला गेलो. मांडवात कुणीतरी मामींना विचारलं, "हाऊ कोन शे?"

मामींनी डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हा यांचा भाचा. कॅन्सरचा डॉक्टर हाय. औषध मागू नका त्याच्याकडं, पण गाडी लय चांगली चालवतो."